रोपवाटिकेची भिंत : कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण आणि लैंगिक शोषणाचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रायतूर हे नाव एकदा तरी येतेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले, एवढे प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरते तरी लक्षात ठेवतो. हे रायतूर म्हणजे आजचे राशोल. तेथे सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारणी सुरू झालेली एक भव्य वास्तू आहे आणि तिच्यात आजही कॅथलिक धर्मगुरू घडवले जातात. वाङ्मयेतिहासात आपण त्या गावाच्या छापखान्यापाशी थांबतो. शेजारच्या विद्यालयाकडे वळून पाहत नाही. प्रस्तुत लेखात पाहायचे आहे ते या प्रकारच्या विद्यालयाकडे, म्हणजे सेमिनरी नावाच्या संस्थेकडे.

निमित्त उघड आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे देशोदेशी बाहेर आली. त्यावर आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. 'ब्रह्मचर्य लादले की असेच होणार' ही एक प्रतिक्रिया. 'चार माणसे वाईट निघाली म्हणून संस्थेला का बोल लावता' ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रिया इतिहासाला बगल देतात. माझ्या मते या प्रश्नाचे मूळ चर्चने या अपराधाकडे कोणत्या नजरेने पाहिले, यात आहे. शतकानुशतके हा अपराध धर्मगुरूच्या व्रताविरुद्ध आणि संस्काराच्या पावित्र्याविरुद्ध मानला गेला. ज्या मुलावर तो घडला त्या मुलाविरुद्ध मानला गेला नाही. धर्मगुरूंचे शिक्षणही याच दृष्टीने बेतलेले राहिले. सुधारणा करायची तर ती येथे करावी लागेल.

ट्रेंटची रोपवाटिका

'सेमिनरी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ रोपवाटिका. मोकळ्या रानात लावण्यापूर्वी कोवळे रोप जेथे राखले जाते ती जागा. ही कल्पना मुळात सुधारणेतून जन्मली, हे विसरता कामा नये. सोळाव्या शतकापर्यंत युरोपातील सामान्य धर्मगुरूचे शिक्षण अत्यंत तुटपुंजे असे. अनेकांना जेमतेम लॅटिन येई. चर्चमधील पदे विकत घेतली जात. ब्रह्मचर्याचा नियम कागदावर आणि घरात बायका-मुले, असाही प्रकार सर्रास होता. मार्टिन ल्यूथरने उभ्या केलेल्या आव्हानाला उत्तर म्हणून ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात धर्मपरिषद भरली. तिच्या तेविसाव्या सत्रात, १५ जुलै १५६३ रोजी, प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात सेमिनरी काढावी असा ठराव झाला. किमान बारा वर्षांची, लिहिता-वाचता येणारी मुले घ्यावीत, त्यातही गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे आणि त्यांना प्रथमपासूनच धर्मगुरूचा वेष द्यावा, असे त्यात सांगितले होते.

गोव्यात तर याची पूर्वतयारी आधीच झाली होती. १५४१ मध्ये जुन्या गोव्यात स्थानिक मुलांसाठी असे विद्यालय सुरू झाले आणि पुढे ते जेझुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून नावारूपाला आले. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आला तो याच कॉलेजात. रायतूरची वास्तू त्यानंतरची. तीही जेझुइटांनीच उभारली. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजसत्तेने त्यांना हाकलून दिल्यावर ती धर्मप्रांताची सेमिनरी झाली. पुढे १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी भारतीय उपखंडासाठी श्रीलंकेत कँडी येथे सेमिनरी स्थापन केली. ती १९५५ मध्ये पुण्याला आणण्यात आली. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी ती हीच.

या व्यवस्थेने धर्मगुरूला विद्या दिली, शिस्त दिली, हे निर्विवाद आहे. स्टीफन्ससारखा माणूस परक्या भाषेत ओवीबद्ध पुराण रचतो, त्यामागे अशाच शिक्षणाची परंपरा उभी आहे. परंतु रोपवाटिकेला भिंत असते. बारा वर्षांच्या मुलाला घरातून, आईबहिणींतून, गावच्या समवयस्कांतून उचलून वेगळ्या वेषात वेगळ्या वास्तूत ठेवले की त्याच्या मनात पहिली गोष्ट रुजते ती ही, की आपण इतरांहून निराळे आहोत. वयात येण्याची सारी वर्षे जो केवळ पुरुषांच्या सहवासात, प्रार्थनेच्या घंटेवर आणि वरिष्ठांच्या नजरेखाली काढतो, त्याला धर्मशास्त्र पुष्कळ कळते. स्वतःचे शरीर आणि दुसऱ्याचे मन यांविषयी मात्र त्याची समज कोवळीच राहण्याचा संभव असतो.

अपराध कोणाविरुद्ध?

धर्मगुरूंच्या हातून असे काही घडते, याची चर्चला जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथे भरलेल्या धर्मसभेने मुलांशी कुकर्म करणाऱ्याला मृत्युसमयीही ख्रिस्तप्रसाद देऊ नये असा नियम केला होता. अकराव्या शतकाच्या मध्यावर पीटर डेमियन या मठवासीयाने धर्मगुरूंच्या लैंगिक अनाचारावर एक जळजळीत ग्रंथ लिहून तो थेट पोपना सादर केला. ट्रेंटनंतर या प्रश्नाचे केंद्र पापनिवेदनाकडे सरकले. भाविक धर्मगुरूपुढे गुडघे टेकून आपले अंतरंग उघडे करतो. त्या क्षणी त्याच्याइतका असहाय कोणी नसतो. या प्रसंगाचा फायदा घेऊन लैंगिक मागणी करणारे धर्मगुरू होते. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमिओ यांनी १५७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत पापनिवेदनासाठी मध्ये जाळी असलेल्या लाकडी आसनाचा आग्रह धरला, त्यामागे हेच भय होते. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी अशा अपराधाविरुद्धचा कायदा सर्व कॅथलिक जगाला लागू केला. १७४१ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी तो अधिक कडक केला.

पण हा कायदा चालवला कोणी? स्पेन आणि पोर्तुगालच्या प्रदेशांत तो चालवला इन्क्विझिशनने. १५६० मध्ये स्थापन झालेले गोव्याचे इन्क्विझिशन आपल्याला अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे परिचित आहे. अंगणातल्या तुळशीवरून, लग्नातल्या विड्यावरून नवख्रिस्ती माणसाला जाब विचारणारी ही संस्था. पापनिवेदनाचा गैरफायदा घेणारा धर्मगुरूही तिच्याच अखत्यारीत येई. असे का? कारण हा अपराध 'संस्काराची विटंबना' म्हणून पाखंडाच्या जवळचा मानला गेला. चौकशी गुप्त, साक्षी गुप्त, शिक्षाही बहुधा चार भिंतींआड. ज्या स्त्रीला वा मुलाला त्रास झाला त्यांचे स्थान साक्षीदाराचे. अन्याय झाला तो संस्कारावर; त्यांच्यावर काय गुदरले, हा प्रश्न त्या कायद्याला पडलाच नाही.

विसाव्या शतकात हीच चौकट पुढे आली. १९२२ मध्ये रोमने बिशपांसाठी एक सूचनापत्र काढले आणि १९६२ मध्ये ते थोड्या बदलाने पुन्हा प्रसृत केले. पापनिवेदनाच्या गैरवापरासाठी ठरवलेली कार्यपद्धती त्यात अल्पवयीन मुलांवरील अत्याचारांनाही लावली होती आणि सर्व संबंधितांवर कडक गुप्ततेचे बंधन होते. ही गुप्तता केवळ चर्चच्या अंतर्गत चौकशीपुरती होती, पोलिसांकडे जाण्यास त्यात मनाई नव्हती, असा बचाव नंतर करण्यात आला. तो शब्दशः खरा मानला तरी व्यवहारात काय झाले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. धर्मगुरूची बदली झाली, त्याला एकांतवासाला पाठवले गेले, त्याने पश्चात्ताप व्यक्त केला आणि दुसऱ्या धर्मग्रामात, जेथे कोणाला काही माहीत नव्हते, तेथे तो पुन्हा 'फादर' म्हणून रुजू झाला. पाप म्हणून पाहिले की क्षमा हा त्याचा शेवट ठरतो. गुन्हा म्हणून पाहिले असते, तर पुढच्या गावातील मुलांचा विचार करावा लागला असता.

आकडे आणि त्यांचा अर्थ

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने बोस्टन धर्मप्रांतातील लपवाछपवी उघड केली. त्यानंतर अमेरिकन बिशपांनीच नेमलेल्या जॉन जे कॉलेजच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये अहवाल दिला : १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप, १०,६६७ बालकांच्या तक्रारी; सेवेत असलेल्या धर्मगुरूंपैकी सुमारे चार टक्के. आयर्लंडचे रायन आणि मर्फी अहवाल २००९ चे. जर्मनीत २०१८ च्या अहवालाने १,६७० धर्मगुरू आणि ३,६७७ पीडित मोजले. फ्रान्समध्ये २०२१ च्या स्वतंत्र आयोगाने १९५० पासून धर्मगुरू व व्रतस्थांकडून शोषित झालेल्यांची संख्या सुमारे २,१६,००० असल्याचा अंदाज वर्तवला.

ब्रह्मचर्यच याचे कारण काय? जॉन जे कॉलेजचा २०११ चा दुसरा अहवाल या बाबतीत वाचण्याजोगा आहे. ब्रह्मचर्याचा नियम सर्व काळ तोच होता. अत्याचारांचे प्रमाण मात्र साठ-सत्तरच्या दशकांत वाढले आणि ऐंशीच्या मध्यापासून घटले. न बदलणाऱ्या गोष्टीने बदलणाऱ्या गोष्टीचा उलगडा होत नाही. समलिंगी कल हे कारण असल्यालाही त्या अभ्यासात पुष्टी मिळाली नाही. मुलांचे शोषण करणाऱ्यांत विवाहित शिक्षक, नातेवाईक, क्रीडाप्रशिक्षक हेही असतातच. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने २०१७ मध्ये सक्तीच्या ब्रह्मचर्याचा फेरविचार सुचवला खरा. पण त्या आयोगाचाही भर होता तो सत्ता, गुप्तता आणि उत्तरदायित्वाचा अभाव यांवर. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये जगभरच्या कॅथलिकांना लिहिलेल्या पत्रात या रोगाचे जे नाव घेतले, त्याला मराठीत शब्द शोधायला लांब जावे लागत नाही. तो शब्द आहे पुरोहितशाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ स्वतःलाच पूज्य समजू लागतो, याची चिकित्सा जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. त्यांच्यासमोर पुरोहित निराळा होता, सत्तेची घडण मात्र हीच.

भिंतीच्या आत

ही पुरोहितशाही सेमिनरीत कशी घडते? कोणी ती पाठ्यपुस्तकातून शिकवत नाही. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी दहावी-बारावीनंतर प्रवेश घेतात. तत्त्वज्ञान, मधला प्रत्यक्ष कामाचा काळ आणि ईश्वरविज्ञान मिळून आठ-दहा वर्षे सहज जातात. या साऱ्या काळात त्याला दीक्षा द्यावी की नाही, याचा निर्णय वरिष्ठांच्या मतावर अवलंबून असतो. आध्यात्मिक मार्गदर्शकाजवळ तो मन मोकळे करू शकतो आणि तो मार्गदर्शक ते गुप्त ठेवतो. पण ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्यासमोर आपली दुबळी बाजू उघडी करणे म्हणजे घरी परत जाणे, हे तो लवकरच ओळखतो. मग तो चांगला असण्यापेक्षा चांगला दिसण्याची विद्या शिकतो. इतक्या वर्षांनी दीक्षा मिळाल्यावर त्याची आई त्याच्या हातांचे चुंबन घेते आणि गावातले वृद्ध त्याला 'फादर' म्हणतात. ज्याने स्वतःच्या मनातील अंधाऱ्या कोपऱ्याविषयी कधी मोकळेपणी कोणाशी बोललेले नाही, त्याच्या हाती एकदम सर्वांची अंतरंगे आणि सर्वांचा विश्वास सोपवला जातो.

आणि तक्रार करायची ती कोणाविरुद्ध? ज्याला सारे 'फादर' म्हणजे पिता म्हणतात त्याच्याविरुद्ध. केरळातील कोट्टियूरच्या प्रकरणात याचे टोक दिसले. तेथे २०१७ मध्ये एका धर्मगुरूला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल अटक झाली. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. पण प्रकरण उघडकीस आले तेव्हा गुन्हा आपणच केला असे सांगायला त्या मुलीचा बाप पुढे आला होता. धर्मगुरूची अब्रू वाचावी म्हणून जन्मदात्याने असला कलंक स्वतःच्या माथी घ्यावा, यापेक्षा पुरोहितशाहीचा अधिक भयंकर पुरावा कोणता हवा?

महाराष्ट्रातही उदाहरण आहे. मुंबईच्या शिवाजीनगर भागातील चर्चमध्ये २०१५ मध्ये तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने संबंधित धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. मुलाचे कुटुंब प्रथम चर्चच्या वरिष्ठांकडे गेले होते. पोलिसांपर्यंतची वाट त्यांना स्वतःच चालावी लागली. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवल्ड ग्रेशियस हे फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनने याच प्रश्नावर बोलावलेल्या जागतिक परिषदेच्या आयोजकांपैकी एक होते. त्याच सुमारास बीबीसीने या प्रकरणाविषयी त्यांना विचारले, तेव्हा आपण ते अधिक चांगल्या रीतीने हाताळू शकलो असतो, असे त्यांनी मान्य केले. ही कबुली प्रामाणिक मानली, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भल्या माणसांच्या भलेपणावर सोडून देण्याचा हा प्रश्न नाही.

कागदावरील बदल

बदल झालेच नाहीत असे नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९२ च्या प्रबोधपत्राने धर्मगुरूच्या शिक्षणाचा पाया 'मानवी घडण' हा असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये रोमने सेमिनरींसाठी जी नवी मार्गदर्शक संहिता दिली, तिच्यात अल्पवयीनांच्या संरक्षणाचे शिक्षण अनिवार्य ठरवले आणि घडणीत स्त्रियांच्या सहभागाचे महत्त्व मांडले. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील 'पोपची गुप्तता' उठवली. आणि २०२१ मध्ये एक बदल झाला, जो वरवर तांत्रिक वाटतो, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. चर्चच्या धर्मविधीसंहितेत बालकांवरील अत्याचाराचे कलम तोवर 'विशेष कर्तव्यांविरुद्धचे अपराध' या प्रकरणात, म्हणजे ब्रह्मचर्यभंगाच्या शेजारी होते. ते तेथून उचलून 'मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धचे अपराध' या प्रकरणात नेण्यात आले. एल्व्हिरापासून सतराशे वर्षांनी ते मूल कायद्याच्या मध्यभागी आले.

आता हीच हालचाल सेमिनरीत व्हायला हवी. मूल मध्यभागी धरले तर पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात. कोवळ्या वयात वेष चढवण्याची घाई संपते. शिक्षण, नोकरी, मैत्री यांचा अनुभव घेऊन आलेला प्रौढ उमेदवार अधिक विश्वासार्ह ठरतो. दीक्षेस योग्य कोण, हे ठरवणाऱ्या मंडळात विवाहित स्त्री-पुरुष, मानसशास्त्र जाणणारे, ज्यांची मुले चर्चमध्ये येतात असे पालक असावे लागतात. निर्णय घेणाऱ्यांहून वेगळा असा व्यावसायिक समुपदेशक विद्यार्थ्याला मिळावा लागतो. दीक्षेनंतरची पहिली वर्षे, जेव्हा तरुण धर्मगुरू एखाद्या दूरच्या धर्मग्रामात एकटा पडतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी असावे लागते आणि त्याच्यावर लक्षही. बदली झाली तर पूर्वेतिहासाची नोंद त्याच्याबरोबर जावी लागते. धर्मभगिनींचे चरितार्थासाठी धर्मगुरूंवरचे अवलंबित्व कमी व्हावे लागते.

आणि मुख्य म्हणजे तक्रारीचे दार भिंतीच्या बाहेर उघडावे लागते. नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील अत्याचाराची माहिती ज्याला असेल, त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला अधिक शिक्षा आहे. धार्मिक संस्थेतील व्यक्तीने केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. ही कलमे सेमिनरीत धर्मविधीसंहितेइतक्याच गांभीर्याने शिकवली गेली पाहिजेत. बिशपला सांगितले की कर्तव्य संपले, ही समजूत दीक्षेपूर्वीच मोडली पाहिजे.

धर्माला धक्का?

बाहेरच्या कायद्याने आत शिरल्यास धर्माला धक्का बसेल, ही भीती कॅथलिकांपुरती नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात 'महाराज लायबल केस' गाजली. वल्लभ संप्रदायाच्या महाराजांकडून भक्तस्त्रियांचे शोषण होते असे करसनदास मूळजी यांनी छापले. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकण्याच्या हालचाली झाल्या. तरीही डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. करसनदास जिंकले. वल्लभ संप्रदाय त्यामुळे बुडाला नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात आणखी जवळचे उदाहरण आहे. तेथला प्रश्न शोषणाचा नव्हता, हक्कांचा आणि उत्पन्नाचा होता; पण धडा लागू पडतो. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याआधी चार दशके 'परंपरा मोडेल' हा युक्तिवाद ऐकू येत होता. वारी मोडली नाही. विठोबाला कोणी दुरावले नाही.

जेऊरसारख्या गावात कॅथलिक धर्मगुरू सहसा दृष्टीस पडत नाही. मग हा इतिहास येथे बसून का वाचावा? कारण भिंत केवळ सेमिनरीला नसते. मठ, आश्रमशाळा, वसतिगृहे, वेदपाठशाळा, मदरसे, क्रीडाप्रबोधिन्या, जेथे जेथे आपण पोर कोणाच्या तरी पदरात घालून निश्चिंत मनाने परततो, तेथे तेथे हाच प्रश्न उभा आहे. कॅथलिक चर्चची बदनामी अधिक झाली, याचे एक कारण त्याची दप्तरे शाबूत होती आणि ती उघडावी लागली, हेही आहे. ज्यांनी दप्तरच ठेवले नाही त्यांना निर्दोष समजण्याचे कारण नाही.

रोपवाटिका हवीच, शिकवल्यावाचून कोणताही गुरू घडत नाही. पण रोपाला ऊन-वारा लागू दिला नाही तर ते शेतात टिकत नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. ट्रेंटने भिंत घातली, ती त्या काळची गरज होती. आजची गरज त्या भिंतीला दार पाडण्याची आहे आणि त्या दाराची किल्ली आतल्यांच्या हाती असून चालणार नाही.